आठ जागांचा हिशेब

‘वंचित म्हणजे भाजपची बी टीम’ हे वाक्य आता ऐकवत नाही. ते काँग्रेसच्या सोयीचं वाक्य आहे. २०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी एकाही जागेवर महाविकास आघाडीने मुस्लिम उमेदवार दिला नाही. त्यांनी तरी आपल्याला निष्ठा शिकवू नये. माझा राग वेगळा आहे आणि तो बाळासाहेब आंबेडकरांवर आहे. त्यांनी पक्ष विकला असं मी म्हणत नाही, वाया घालवला असं म्हणतोय.

२ ऑक्टोबर २०१८ ची औरंगाबादची सभा आठवा. जबिंदा मैदानावर निळे आणि हिरवे झेंडे एकत्र होते आणि व्यासपीठावर बाळासाहेब आणि ओवैसी शेजारी बसले होते. माझ्यासारखी सॉफ्टवेअरवाली, राजकारणाला नाक मुरडणारी पोरंसुद्धा त्या दिवशी हलली होती. २०१९ च्या लोकसभेत या आघाडीला सुमारे ७ टक्के मतं पडली, म्हणजे ३७ लाखांच्या वर. औरंगाबादेत इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी निवडून आले. मतांची विभागणी तिथे पथ्यावर पडली हे खरं, पण दलित वस्त्यांमधली मतं नसती तर तो निकाल लागलाच नसता, हे औरंगाबादेतल्या कुणालाही विचारा.

आघाडीचा एकुलता एक खासदार एमआयएमचा. बाळासाहेब स्वतः अकोला आणि सोलापूर अशा दोन्ही ठिकाणी हरले. त्यानंतर चार महिन्यांनी विधानसभेच्या २८८ जागांपैकी एमआयएमला देऊ केल्या आठ.

आठ! एमआयएमची मागणी अवाच्या सवा होती, मान्य. जलील यांनी सप्टेंबरमध्ये पत्रक काढून जाहीर काडीमोड घेतला, तेही घाईचंच होतं. पण बोलणी करणाऱ्याला समोरच्याने उठून जायला नको असेल तर तो असा आकडा टाकत नाही. आणि जलील यांच्या पत्रकानंतर बाळासाहेब काय म्हणाले? मी फक्त ओवैसींशी बोलतो. मग ओवैसींनीही जलील यांचीच बाजू घेतली आणि विषय संपला.

निकाल सगळ्यांना माहीत आहे. वंचितने दोनशेहून जास्त जागा लढवल्या आणि शून्यावर आली. एमआयएमने मालेगाव मध्य आणि धुळे शहर जिंकलं, पण औरंगाबाद मध्य, जलील यांची २०१४ ची जागा, सुमारे १४ हजारांनी गेली. तिथे वंचितच्या उमेदवाराने त्या फरकापेक्षा जास्त मतं घेतली होती.

बाळासाहेबांची तक्रार होती की लोकसभेत औरंगाबाद सोडलं तर मुसलमानांनी वंचितला मतं दिली नाहीत. यात तथ्य आहे आणि आपण ते कबूल करायला हवं. नांदेडमध्ये, सोलापुरात आपल्या मोहल्ल्यांनी भाजपच्या भीतीने पंजाच दाबला. पण विश्वास एका निवडणुकीत बसत नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्या निवडणुकीत बसतो. दुसरी यायच्या आतच त्यांनी दुकान बंद केलं.

त्यांना हे कळत नसेल असं नाही. १९९८ साली काँग्रेसशी समझोता करून रिपब्लिकन पक्षाचे चार नेते खुल्या जागांवरून लोकसभेत गेले, त्यातले एक अकोल्याहून बाळासाहेबच. १९९९ ला ते पुन्हा जिंकले. त्यानंतर एकदाही नाही. इतकी वर्षं तोच माणूस उमेदवार ठरवतो, तोच बोलणी करतो आणि तोच बोलणी मोडतो. पक्षात ‘साहेब, हे चुकतंय’ म्हणायची कुणाची टाप नाही. कार्यकर्ते मात्र सोन्यासारखे आहेत. दंगलीनंतर, अटकांनंतर आपल्या वस्त्यांत आलेले मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल हा लेख नाही.

जून २०२३ मध्ये बाळासाहेबांनी खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीवर फुलं वाहिली. आपल्यातले बरेच खूश झाले. मला विचाराल तर, कोल्हापूरच्या दंगलीला महिनाही झाला नसताना ती फुलं आपल्यापैकी कुणी मागितली होती? मागितलं होतं ते जागावाटप. त्या वर्षी जानेवारीत ते उद्धव ठाकरेंबरोबर गेले, २०२४ च्या मार्चमध्ये तेही तुटलं. मग एकीकडे कोल्हापूर, नागपुरात काँग्रेसला पाठिंबा आणि अकोल्यात काँग्रेसविरुद्ध स्वतः, तेही तिसऱ्या नंबरवर. जिथे आपल्याला खरोखर दुसरा दरवाजा हवा होता, त्याच निवडणुकीत वंचितचा दरवाजा रोज वेगळ्या दिशेला उघडत होता. मतं ३ टक्क्यांच्याही खाली आली.

त्याच वर्षी विधानसभेला औरंगाबाद पूर्वमध्ये जलील २,१६१ मतांनी पडले. वंचितचा उमेदवार तिथेही होता, मुसलमानच, आणि त्याची मतं या फरकाहून जास्त होती. २०१९ ला एकाच टेबलावर बसून मतदारांच्या चिठ्ठ्या फाडणारी पोरं या वेळी समोरासमोरच्या दोन टेबलांवर होती.

वंचितमध्ये काम करणारे माझे बरेच दोस्त हे वाचतील आणि फोन करतील. करा. पण त्याआधी तुमच्या पुढच्या बैठकीत उभं राहून एवढंच विचारा: आठचा आकडा कुणी ठरवला होता, आणि ठरवताना खोलीत किती जण होते?