विश्लेषण : ओपिऑइडच्या व्यसनावर फोनवरून उपचार शक्य आहेत का? अमेरिकेचा अनुभव काय सांगतो?

ओपिऑइडच्या व्यसनावरचे मुख्य औषध डॉक्टरांना प्रत्यक्ष न भेटता, नुसत्या फोनवरच्या संभाषणातून लिहून देण्याची मुभा अमेरिकेत करोनाकाळात मिळाली. ती कायम ठेवणारा नियम जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाला आणि त्याची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली. भारतात मात्र हेच औषध टेलिमेडिसिनद्वारे देण्यास मनाई आहे.

प्रश्न किती मोठा आहे?

अफू, हेरॉइन, फेंटानिल आणि काही वेदनाशामक गोळ्या या सगळ्यांना मिळून ओपिऑइड म्हणतात. अमेरिकेत २०२३ मध्ये अमली पदार्थांच्या अतिसेवनाने सुमारे १ लाख ५ हजार मृत्यू झाले. त्यातल्या जवळपास ७९ हजार मृत्यूंमध्ये ओपिऑइडचा संबंध होता. २०२४ मध्ये एकूण आकडा ८० हजारांच्या आसपास उतरला. घट मोठी आहे, तरी त्या वर्षीही रोज दोनशेहून अधिक माणसे मरतच होती. आणि मृत्यूचा धोका निम्म्यावर आणणारे औषध उपलब्ध असूनही २०२१ मध्ये तिथल्या व्यसनग्रस्तांपैकी जेमतेम २२ टक्क्यांपर्यंतच औषधोपचार पोहोचले होते.

हे औषध नेमके काय करते?

औषधाचे नाव ब्युप्रेनॉर्फिन. ते स्वतःही ओपिऑइडच आहे आणि सगळ्या वादाचे मूळ इथेच आहे. ‘एक व्यसन सोडवायला दुसरे लावायचे का?’ हा प्रश्न कुटुंबांपासून न्यायाधीशांपर्यंत सगळेच विचारतात. मेंदूतल्या ज्या जागांवर हेरॉइन किंवा फेंटानिल जाऊन बसते, त्याच जागा ब्युप्रेनॉर्फिन पकडते, पण त्यांना अर्धवटच चेतवते. ठरावीक मात्रेनंतर गोळ्या वाढवल्या तरी परिणाम फारसा वाढत नाही. त्यामुळे श्वास मंदावून मरण येण्याचा धोका हेरॉइनच्या तुलनेत खूपच कमी असतो. तलफ शमते आणि माणूस सकाळी उठून कामाला जाऊ शकतो. शिवाय या औषधाची पकड घट्ट असल्याने वरून हेरॉइन घेतले तरी त्याला जागा मिळत नाही. बहुतेक वेळा गोळीत नॅलोक्झोन मिसळलेले असते. जिभेखाली ठेवल्यास ते जवळजवळ निष्क्रिय राहते. कोणी गोळी विरघळवून टोचून घेतली, तर मात्र ते अंगावर येते.

सुरुवात मात्र जपून करावी लागते. शरीरात हेरॉइन किंवा फेंटानिल शिल्लक असताना पहिली गोळी घेतली, तर ब्युप्रेनॉर्फिन त्याला एकदम हुसकावून लावते आणि रुग्णाला तीव्र त्रास सुरू होतो. गर्द ओढणाऱ्यांच्या भाषेत ज्याला ‘टर्की’ म्हणतात तीच ही अवस्था : अंग मोडून येणे, नाका-डोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब, झोप उडणे. म्हणून शेवटच्या सेवनानंतर साधारण १२ ते २४ तास थांबून, त्रास सुरू झाल्यावरच पहिली गोळी घ्यायची असते. फेंटानिल चरबीत साठून रेंगाळते, त्यामुळे ते घेणाऱ्यांना आणखी थांबावे लागू शकते.

फोनचे महत्त्व इथे कळते. ‘आता सोडायचेच’ असे माणसाला वाटते ते बहुधा त्रास सुरू झालेल्या या काही तासांतच. त्या वेळी डॉक्टरांची भेट दोन आठवड्यांनंतरची मिळाली, तर तो तोवर थांबत नाही. गल्लीतला विक्रेता दहा मिनिटांच्या अंतरावर असतो.

फोनवरून उपचार कसे होतात?

रुग्ण ॲपवरून किंवा थेट फोन करून वेळ घेतो. कोणता पदार्थ, किती दिवसांपासून, शेवटचे सेवन कधी, झोपेच्या गोळ्या किंवा दारू सोबत घेतली जाते का, हे डॉक्टर विचारतात. झोपेच्या गोळ्यांचा आणि दारूचा प्रश्न औपचारिक नाही, कारण ब्युप्रेनॉर्फिनसोबत त्या जीवघेण्या ठरू शकतात. राज्याच्या संगणकीय नोंदीत रुग्णाने आधी कुठून कोणती नियंत्रित औषधे घेतली हे तपासले जाते आणि चिठ्ठी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जवळच्या औषध दुकानात जाते. त्रासाच्या लक्षणांना गुण देण्याची एक ठरलेली यादी असते. ती बघून रुग्ण घरीच पहिली गोळी घेतो. सुरुवातीला काही दिवसांनी किंवा दर आठवड्याला आणि घडी बसल्यावर महिन्यातून एकदा बोलणे होते. काही सेवा लघवी तपासणीचे किट घरी पाठवतात.

घरी पहिली गोळी घेण्याची पद्धत करोनाआधीही होती. नवे होते ते एवढेच, की त्याआधी डॉक्टरांच्या खोलीत एकदा जाऊन बसण्याची अट निघाली.

मग ती अट होतीच कशासाठी?

रायन हेट हा कॅलिफोर्नियातला १८ वर्षांचा मुलगा २००१ मध्ये मरण पावला. त्याने वेदनाशामक ओपिऑइड गोळ्या इंटरनेटवरून मागवल्या होत्या. ज्या डॉक्टरच्या नावाने त्या मिळाल्या, त्याने या मुलाला कधी पाहिलेही नव्हते. त्याच्या नावाने २००८ मध्ये कायदा झाला : नियंत्रित औषध इंटरनेटद्वारे लिहून द्यायचे तर आधी एकदा तरी प्रत्यक्ष तपासणी हवी. त्या काळातल्या ऑनलाइन गोळी-बाजाराला चाप लावायला हा कायदा योग्यच होता. पण ज्या गोळ्यांनी व्यसन लागते त्यांच्याच रांगेत, त्या व्यसनावरचे औषधही त्याने उभे केले.

टेलिमेडिसिन करणाऱ्या डॉक्टरांसाठी विशेष नोंदणीची सोय त्याच कायद्यात सुचवलेली होती. अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या डीईए या केंद्रीय यंत्रणेने ती सुरू केली नाही. २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने एका वर्षाची मुदत घालून दिली, तीही उलटली. या नोंदणीचा प्रस्तावित मसुदा आला तो थेट जानेवारी २०२५ मध्ये.

करोनाने काय सिद्ध केले?

मार्च २०२० मध्ये प्रत्यक्ष भेटीची अट स्थगित झाली आणि ब्युप्रेनॉर्फिनसाठी व्हिडिओचीही गरज उरली नाही. साधा फोन पुरेसा ठरला. एरवी अशा प्रयोगाला परवानगी मिळायला दशक गेले असते. इथे तो एका रात्रीत देशभर सुरू झाला आणि त्याचे निकाल मोजता आले.

मेडिकेअर या सरकारी विमा योजनेतल्या रुग्णांच्या नोंदींवर आधारित अभ्यास ‘जामा सायकिअॅट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. टेलिहेल्थ मिळालेले रुग्ण औषधावर अधिक काळ टिकल्याचे आणि त्यांच्यात अतिसेवनाने मृत्यूचे प्रमाण कमी असल्याचे त्यात दिसले. अर्थात हे नोंदींचे विश्लेषण आहे. ज्यांच्याकडे फोन, पत्ता आणि थोडी स्थिरता आहे तेच टेलिहेल्थकडे वळले असणार, हा आक्षेप उरतोच.

दुसरी शंका गैरवापराची. फोनवर सहज मिळालेल्या गोळ्या बाजारात जाऊन मृत्यू वाढतील, अशी भीती होती. जुलै २०१९ ते जून २०२१ या काळातल्या ओपिऑइडशी संबंधित मृत्यूंपैकी फक्त २.६ टक्के मृत्यूंमध्ये ब्युप्रेनॉर्फिन आढळले. सवलतीनंतर हे प्रमाण वाढले नाही आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक मृत्यूंमध्ये दुसरे एखादे अमली द्रव्यही होतेच. म्हणजे ज्या धोक्यासाठी अट ठेवायची, तो या औषधाच्या बाबतीत तरी दिसला नाही.

तरीही डीईए का कचरते?

फेब्रुवारी २०२३ मध्ये डीईएने प्रस्ताव ठेवला : फोनवरून फक्त ३० दिवसांचे औषध, त्यानंतर प्रत्यक्ष भेट. टेलिमेडिसिनच्या त्या प्रस्तावांवर ३८ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या आणि यंत्रणेला माघार घ्यावी लागली. जानेवारी २०२५ च्या अंतिम नियमात ही मर्यादा सहा महिने झाली. व्हिडिओशिवाय फोनही चालेल, मात्र राज्याची औषध-नोंद तपासणे बंधनकारक आणि दुकानात ओळख पटवणे आवश्यक. तो नियम फेब्रुवारीत लागू व्हायचा होता. सत्तांतरानंतर आधी मार्चपर्यंत आणि मग ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत तो लांबला. मधल्या काळात करोनाकाळातली तात्पुरती सवलतच मुदतवाढीवर मुदतवाढ घेत राहिली.

डीईएची धास्ती अगदी निराधार नाही. एकाग्रतेच्या विकारावरच्या ॲडरॉल या उत्तेजक गोळ्या ऑनलाइन वाटल्याच्या आरोपावरून एका टेलिहेल्थ कंपनीच्या संस्थापिकेला जून २०२४ मध्ये अटक झाली. पण ॲडरॉल आणि ब्युप्रेनॉर्फिन यांना एकाच तागडीत तोलणे, हीच तर २००८ पासूनची गफलत आहे.

फोन आला, मग अडथळे संपले का?

नाही. खरी अडवणूक बऱ्याचदा औषध दुकानात होते. अनेक दुकाने ब्युप्रेनॉर्फिन ठेवतच नाहीत. जी ठेवतात त्यातली काही ‘डॉक्टर परराज्यातला, रुग्ण अनोळखी’ म्हणून टेलिहेल्थची चिठ्ठी परत पाठवतात. ओपिऑइड विक्रीच्या खटल्यांनंतर घाऊक पुरवठादार संशयास्पद मागण्यांवर नजर ठेवतात. त्यामुळे जास्त साठा मागवायला दुकानदार घाबरतो. वेदनाशामक गोळ्यांच्या अतिविक्रीसाठी लावलेला चाप असा औषधावरही बसला.

डॉक्टरांचे घोडे वेगळ्याच जागी अडले आहे. हे औषध लिहिण्यासाठी वेगळा परवाना घेण्याची अट डिसेंबर २०२२ मध्ये रद्द झाली. लिहिणारे वाढले, औषध घेणारे मात्र त्या प्रमाणात वाढले नाहीत. शिवाय टेलिहेल्थच्या काही सेवा दरमहा वर्गणी घेतात, गरिबांची सरकारी विमा योजना सगळीकडे चालतेच असे नाही. मेथाडोन हे दुसरे प्रभावी औषध तर अजूनही ठरावीक केंद्रांतूनच मिळते. २०२४ च्या नियमाने ते व्हिडिओ तपासणीवरून सुरू करता येते आणि स्थिर रुग्णाला २८ दिवसांपर्यंतचा साठा घरी नेता येतो, पण नेहमीच्या औषध दुकानात ते व्यसनमुक्तीसाठी मिळत नाही.

भारतात परिस्थिती काय?

केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक ओपिऑइडचे सेवन करतात आणि ७७ लाखांना उपचारांची गरज आहे. रुग्णसंख्येचा मोठा वाटा असलेल्या राज्यांत उत्तर प्रदेश, पंजाबसोबत महाराष्ट्राचेही नाव आहे.

गंमत अशी, की भारताची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे अमेरिकेने दार उघडले त्याच महिन्यात आली आणि त्यांनी हे दार बंद केले. एनडीपीएस कायद्याच्या यादीतले कोणतेही औषध टेलिमेडिसिनद्वारे लिहून देता येत नाही आणि ब्युप्रेनॉर्फिन त्या यादीत आहे. व्यसनमुक्तीसाठी ते निवडक केंद्रे आणि रुग्णालयांतूनच मिळते.

पंजाबने ऑक्टोबर २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रे उघडली. तिथे रोज येऊन कर्मचाऱ्यांसमोर गोळी जिभेखाली ठेवावी लागे. टाळेबंदीत ते अशक्य झाले, तेव्हा गोळ्या घरी न्यायला परवानगी मिळाली. रोजंदारीवरच्या माणसासाठी हा बदल छोटा नव्हता. रोजची खेप म्हणजे रोजची अर्धी मजुरी. पंजाबातच खासगी केंद्रांतून गोळ्या बाहेर विकल्या गेल्याचे आरोपही झाले आहेत, त्यामुळे अमेरिकेचा नियम जसाच्या तसा इथे आणावा असे म्हणता येत नाही. देशभर जोडलेली औषध-नोंद नसताना फोनवरची चिठ्ठी कोण आणि कशी तपासणार, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल. पण पहिली तपासणी केंद्रात आणि पुढचा पाठपुरावा फोनवर, हा मधला मार्गही सध्याच्या मनाईत बसत नाही. डॉक्टर फोनवर धीर देऊ शकतात. गोळ्यांसाठी मात्र पुन्हा केंद्राचीच वाट धरावी लागते.

मदतीसाठी केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेली-मानस’ १४४१६ या क्रमांकांवर उपलब्ध आहे. तिथे समुपदेशन होते आणि जवळच्या केंद्राचा पत्ता मिळतो.