राजा गेला, दवंडी राहिली

नरकचतुर्दशीला पहाटे कारेटे फोडून त्याचा कडूपणा जिभेला लावायचा आणि मगच फराळाला बसायचे, ही आपली जुनी रीत. वाचकांनी हा लेख तेवढा कारेट्यापुरता मानावा आणि मग खुशाल चकलीकडे वळावे.

एक युक्तिवाद मोठ्या साळसूदपणे मांडला जातो. राज्य परक्याचे होते तोवर बंड हे कर्तव्य. राज्य आपले झाले की तेच बंड पाप. ऐकायला गोड आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या सॅम्युअल अ‍ॅडम्ससाहेबांचे हेच मत होते. राजाविरुद्ध लोकांना चेतवण्यात ज्यांनी उभे आयुष्य घालवले, तेच हे गृहस्थ! राजाविरुद्ध उठलेल्याला एक वेळ क्षमा करता येईल, पण प्रजासत्ताकाच्या कायद्याविरुद्ध उठणाऱ्याला मरणच योग्य, असा त्यांचा अभिप्राय नोंदलेला आहे. या अभिप्रायाशी मला भांडायचे आहे, आणि साक्षीदार म्हणून त्याच राज्याचे जाहीरनामे पुढे आणायचे आहेत.

पहिला जाहीरनामा जानेवारी १७७६ चा. लढाई अजून पेटलेलीच होती. मसुदा जॉन अ‍ॅडम्सचा. राज्यकर्ते सत्ता जुलमासाठी वापरू लागले तर ते राज्यकर्ते उरत नाहीत, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. शेवटी ‘देव राजाचे रक्षण करो’ हे नेहमीचे पालुपद गाळून ‘देव लोकांचे रक्षण करो’ असे छापले. आणि हुकूम असा की, न्यायालये उघडताना आणि गावसभांत हे वाचून दाखवावे. केवढे धाडस! शेतकऱ्यांनी ते कान देऊन ऐकले. दुर्दैव एवढेच की, त्यांनी ते खरे मानले.

लढाई १७८३ मध्ये संपली. शिपाई घरी आला तो पगाराऐवजी कागदी रोखे घेऊन. घरी पोरे उपाशी. त्याने ते रोखे मिळेल त्या कवडीमोलाने विकले. घेणारे होते पैसेवाले. मग सरकारने ठरवले की, कर्ज पुरेपूर फेडायचे. त्यासाठी कर बसवला आणि तोही नाण्यांत मागितला. म्हणजे ज्याने रोखा विकला त्यानेच कर भरायचा, आणि ज्याने विकत घेतला त्याने पूर्ण रक्कम उचलायची. सरकारवर युद्धाचे कर्ज होते आणि ते बुडवणे शोभले नसते, हे मीही मान्य करतो. पण भार कोणाच्या पाठीवर टाकायचा, हे ठरवणारे हात कोणाचे होते? १७८० च्या राज्यघटनेप्रमाणे मत द्यायला साठ पौंडांची मालमत्ता लागे, नाही तर वर्षाला तीन पौंड देणारी जमीन. गव्हर्नर व्हायला हजार पौंडांची जमीन. बोस्टनला प्रतिनिधी पाठवायचा तर त्याचा खर्च गावाच्या बोकांडी. गावोगावच्या सभांनी अर्ज केले. अर्जांना पाय नसतात. ते टेबलावरच राहिले. इकडे जप्त्या चालू, कर्जापायी तुरुंग चालू.

२९ ऑगस्ट १७८६ ला नॉर्दम्प्टनला शेतकऱ्यांनी न्यायालय भरूच दिले नाही. पुढे त्यांचा म्होरक्या ठरला डॅनियल शेज, बंकर हिलला लढलेला माजी कॅप्टन. कर्जापायी त्याने सरदार लाफायेतने दिलेली तलवार विकली होती, असे सांगतात.

आता सरकारची लेखणी पाहा. गव्हर्नर बोडोइन यांचा जाहीरनामा चार दिवसांत निघाला. मग दंगलीचा कायदा आला. जमावापुढे अधिकाऱ्याने घोषणा वाचायची आणि तासाभरात लोकांनी पांगायचे. न पांगणाऱ्याची जमीनजुमला, चीजवस्तू जप्त. उघड्या पाठीवर एकोणचाळीस फटके. वर तुरुंग, आणि तुरुंगातही दर तीन महिन्यांनी पुन्हा तेवढेच फटके. ती घोषणा मूळ इंग्रजी राजाच्या १७१४ च्या कायद्यातल्या घोषणेशेजारी ठेवून वाचावी. तीच तासाची मुदत, तेच ‘आपापल्या घरी वा कामाला शांतपणे जावे’. बदलले काय? राजाच्या जागी ‘राज्य’ आले. १७७६ च्या कागदावरचे ‘लोक’ मधल्या मध्ये कुठे गळाले, ते मुद्रकालाच ठाऊक.

नोव्हेंबरात खटल्याविना कोंडून ठेवण्याची सोय झाली. शिवाय जनतेला उद्देशून एक लांबलचक निवेदन निघाले. त्यात गरिबीचे कारण सांगितले होते: लोक चैनी झाले आहेत, युरोपातल्या दिखाऊ वस्तूंवर पैसा उधळतात! जप्तीत गाय गेलेल्या माणसाला हे वाचून दाखवणाऱ्याच्या छातीचे कौतुकच करायला हवे.

तिजोरी रिकामी होती, म्हणून बोस्टनच्या धनिकांनी वर्गणी काढून फौज उभी केली. ती पोहोचण्याआधीच, २५ जानेवारी १७८७ ला, स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारापाशी सरकारी तोफ चालली आणि चौघे शेतकरी मेले.

फेब्रुवारीत माफीच्या अटी ठरल्या. माफी हवी असेल त्या सामान्य बंडखोराने तीन वर्षे मत द्यायचे नाही, पंच व्हायचे नाही, सरकारी हुद्दा घ्यायचा नाही. खाणावळ चालवायची नाही, दारू विकायची नाही आणि शाळामास्तर व्हायचे नाही. मी स्वतः मास्तर असल्याने या कलमापाशी जरा जास्त रेंगाळलो. मास्तर आणि दारूवाला एका ओळीत! प्रथम राग आला. मग वाटले, हा तर सन्मान आहे. गावात वर्तमानपत्र वाचले जाई ते गुत्त्यावर, आणि जाहीरनाम्याचा अर्थ उलगडून सांगणारा असे तो मास्तर. सरकारला बोलायचे होते. पण त्याचा अर्थ शेजाऱ्याला सांगणारा दुसरा कोणी नको होता. जे राज्य आपलाच कागद कोणी समजावून देईल म्हणून भिते, त्याला अ‍ॅडम्ससाहेब ‘आपले’ कोणत्या तोंडाने म्हणतात?

त्या एप्रिलात निवडणूक झाली. ज्यांना मत होते त्यांनी बोडोइनना जवळजवळ तिपटीने पाडले आणि जॉन हॅनकॉकला बसवले. १७८८ मध्ये शेजला माफी मिळाली. म्हातारपणी त्याला पेन्शनही मिळाले. नॉर्दम्प्टन-स्प्रिंगफील्डबद्दल अर्थातच नव्हे, राजाविरुद्ध लढल्याबद्दल.