बागेतील केरकचरा आणि उत्तरेचे पाहुणे

पावसाने पाठ फिरवली की मुंबईकराच्या तोंडी उकाड्याखेरीज दुसरा विषय नसतो. ऑक्टोबरच्या उन्हाने माणसे हैराण झालेली असतात, नेमक्या त्याच दिवसांत काही पाहुणे मात्र या शहरात मुक्कामाला येतात. हिमालयाच्या उतारांवरून, मध्य आशियातून, थेट सायबेरियाच्या अरण्यांतून निघालेले हे पक्षी बहुधा रात्री प्रवास करतात, आणि पहाटे जिथे हिरवळ व पाणी दिसेल तिथे उतरतात. त्यांच्या येण्याची दखल फार थोडे लोक घेतात.

हे पाहुणे पाहावयाचे तर भरतपूर गाठण्याचे कारण नाही. वांद्रे-शीव जोडरस्त्यालगत, धारावीच्या शेजारी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे ३७ एकरांच्या या जागेवर एके काळी शहराचा कचरा टाकला जात असे. १९८३ मध्ये डॉ. सालिम अली यांच्या हस्ते येथे पहिले रोप लावले गेले आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. ऑक्टोबरातील एखाद्या सकाळी, रस्त्यावरील रहदारीचा गलका वाढण्यापूर्वी, येथे घटकाभर स्वस्थ उभे राहावे. ओलसर वाटेवर पिवळसर पोटाचा करडा धोबी शेपटी वरखाली नाचवीत चालताना दिसतो. झुडपांच्या गर्दीतून ‘चक् चक्’ असा कोरडा आवाज येतो, तो वटवट्याचा. नशीब असेल तर फितीसारखी लांब शेपटी मिरवीत स्वर्गीय नर्तक एका फांदीवरून दुसरीवर झेपावतो. पलीकडे मिठी नदीच्या चिखलात तुतवार चोचीने भक्ष्य शोधीत असतो. यांतील वटवट्याचे वजन जेमतेम आठ-दहा ग्रॅम. एवढासा जीव हजारो किलोमीटरचे अंतर कापून येतो, कारण त्याच्या मायभूमीत हिवाळ्यात किडामुंगी मिळेनाशी होते.

प्रश्न असा, की हे पक्षी बागेत नेमके कोठे दिसतात? कातरलेल्या हिरवळीवर आणि फरसबंद वाटांवर त्यांपैकी बहुतेकांना काही काम नसते. ते दिसतात पाचोळ्याच्या थरात, वेलींच्या गुंत्यात, वाळक्या फांद्यांवर आणि पाण्याच्या चिखलट काठावर. कारण कीटक तेथेच असतात. आपल्या नगरपालिका ज्याला बागेतील घाण समजतात, तेच या पाहुण्यांचे अन्नछत्र होय. ‘सुशोभीकरण’ या गोंडस शब्दाखाली आज गावोगावी हेच अन्नछत्र उठवले जात आहे. पाचोळा झाडून जाळावयाचा, झुडपे तोडून गवत लावावयाचे, त्यावर कीटकनाशक फवारावयाचे, तळ्याचे काठ सिमेंटने बांधावयाचे आणि रात्रभर दिव्यांची रोषणाई करावयाची, असा हा क्रम आहे. रात्रीच्या प्रवासात ताऱ्यांच्या आधाराने दिशा ठरवणाऱ्या पाखरांना हा झगझगाट भुलवतो, हे कोणी ध्यानात घेत नाही.

यावर नागरिकांचेही काही म्हणणे आहे, आणि ते अगदीच गैरवाजवी नाही. दाट झुडपांत सापाची भीती, साचलेल्या पाण्यात डासांची पैदास, आडोशाला टवाळांचा अड्डा, या तक्रारी खऱ्या आहेत. मुले खेळतात, वृद्ध बसतात तो भाग स्वच्छ व उघडाच असला पाहिजे. परंतु त्यासाठी सबंध बाग बोडकी करण्याची गरज नाही. प्रत्येक उद्यानाचा एक कोपरा कुंपण घालून जसाच्या तसा सोडता येईल. तेथला पाचोळा तेथेच कुजू द्यावा, फवारणी करू नये, दिवा लावू नये. याला खर्च जवळजवळ नाही. कदाचित त्यामुळेच ही सूचना कोणत्याही अंदाजपत्रकात स्थान मिळवीत नसावी.

२०२० पासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी तो सुरू होतो आणि सालिम अलींच्या जन्मदिनी संपतो. शाळांतून त्या आठवड्यात भाषणे होतात, चित्रे रंगविली जातात. ते होवोच. परंतु शिक्षकांनी मुलांना एका सकाळी जवळच्या बागेत नेऊन पहिला धोबी कोणत्या तारखेस दिसला एवढे जरी वहीत टिपावयास लावले, आणि दरवर्षी तो शिरस्ता चालू ठेवला, तर त्या वहीचे मोल कोणत्याही भाषणाहून अधिक ठरेल. धोबी ओळखण्यास दुर्बीणही लागत नाही. शिवाय बागेचा कोपरा नाहीसा होऊ लागला तर पहिली हाक त्या वहीतूनच उठेल.

हा धोबी अनेकदा वर्षानुवर्षे त्याच अंगणात, त्याच हिरवळीच्या तुकड्यावर परततो. एवढे अंतर तोडून आलेल्या पाखराला गेल्या वर्षीच्या जागी सिमेंट आढळावे, ही यजमानाला शोभणारी गोष्ट नाही. ज्या शहराने उकिरड्याचे रान करून दाखवले, त्याला असलेल्या बागांचा एकेक कोपरा राखणे जड जाऊ नये.