बदली हा उपाय नव्हे

‘चर्चमधलं चर्चमध्येच मिटवू’ हा सल्ला आपल्याकडे समजूतदारपणाचा मानला जातो. कायद्याला तो मान्य नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं, की बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. झगा घातला म्हणून सूट नाही.

बॉस्टनच्या कॅथलिक चर्चमधलं बाललैंगिक अत्याचारांचं प्रकरण २००२ मध्ये उघड झालं तेव्हा जगाने पाहिलं, की आरोपी धर्मगुरूंच्या बदल्या होत राहिल्या आणि नव्या धर्मग्रामातली नवी मुलं त्यांच्या हाती लागत गेली. पुढे पोप फ्रान्सिस यांनी अशा तक्रारींसाठी २०१९ मध्ये नियम काढले, २०२३ मध्ये ते कायम केले. तक्रार स्वीकारणारी यंत्रणा प्रत्येक धर्मप्रांताला सक्तीची झाली. असुरक्षित प्रौढांचाही त्यात समावेश आहे, आणि नेमकं हेच आपण विसरतो. पॉक्सो अठराव्या वर्षी थांबतो. वृद्धाश्रमातल्या अंथरुणाला खिळलेल्या आजीच्या वतीने कोण बोलणार?

आणि यंत्रणा असली, तरी तिच्या तक्रार समितीत सगळी फादरांची स्नेही मंडळीच असतील, तर पीडित तिथे जाईलच कशाला? निदान एक वकील, एक समुपदेशक बाहेरचा हवा.

मुलांच्या मदतीसाठीचा चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर आपल्या चर्चच्या सूचनाफलकावर आहे का? येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर जरा बघा.