रापा नुईच्या पाट्या आणि बुऱ्हाणपूरचा शिलालेख

पॅसिफिकमधल्या रापा नुई बेटावरची रोंगोरोंगो लिपी ही आपल्या सिंधू लिपीचीच बहीण, आणि तिच्या चिन्हांत अंक नि ग्रह दडलेत, असं ठासून सांगणारे आजही भेटतात. पुरावा काय, तर चिन्हं सारखी दिसतात! 1932 मध्ये गियोम द हेवेशी यांनी दोन्ही लिपींतल्या चिन्हांच्या जोड्या लावल्या, तिथून हे सुरू झालं. त्यातली काही चित्रं जुळावीत म्हणून बदललेली होती, हे आल्फ्रेड मेत्रो यांनी 1938 मध्येच दाखवून दिलं. शिवाय सिंधू लिपी इ.स.पू. 1900 च्या सुमारास मावळली. त्या बेटावर माणूस पोचला तो इ.स. 1200 च्या आसपास. मधली तीन हजार वर्षं लिपीचा मुक्काम कुठे होता?

राहिले अंक. सात चिन्हं दिसली की वार, नऊ दिसली की नवग्रह. या हिशेबाने आमच्या रावेरच्या केळीच्या घडावरच्या फण्या मोजूनही कुंडली मांडता येईल.

आकाश आणि लेखन यांचं नातं खोटं आहे, असं मात्र मी म्हणत नाही. रावेरहून गाडीने बुऱ्हाणपूरला जा. तिथल्या जामा मशिदीत आदिलशाह फारुकीने अरबी लेखासोबत संस्कृत लेखही कोरवून घेतला. शके 1511, पौष शुक्ल दशमी, सोमवार, कृत्तिका नक्षत्र. वर तिथी नि नक्षत्र किती घटका, तेही. मशिदीच्या भिंतीवर चक्क पंचांग! गणित येणाऱ्या कोणीही ते 1590 च्या जानेवारीशी ताडून पाहावं. चाळीसगावजवळच्या पाटणच्या लेखातही शके 1128 चं दान चंद्रग्रहणाच्या मुहूर्तावर नोंदलंय. ते दान भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, काढलेल्या मठाला. खुद्द आजोबांनी आपलं जन्मवर्ष शब्दांत बांधलं: रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, पृथ्वी एक. उजवीकडून मांडत गेलं की शके 1036. किल्ली सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे चूक झाली तर लगेच पकडली जाते.

रापा नुईलाही हाच न्याय लावू. मामारी नावाच्या पाटीवर चंद्रकोरी ठरावीक क्रमाने येतात आणि बेटावरच्या लोकांकडून टिपून घेतलेल्या रात्रींच्या नावांशी तो क्रम जुळतो. थॉमस बार्थेल यांनी 1958 मध्ये ते चांद्र कालगणनेचं कोष्टक म्हणून ओळखलं, ते बहुतेक अभ्यासकांना पटलं ते यामुळेच. बाकीचा मजकूर अजून कोणाला वाचता आलेला नाही. त्यात शनी दिसतो म्हणणाऱ्यांनी तो कोणत्या साली कोणत्या नक्षत्रात होता, एवढं तरी सांगावं. बुऱ्हाणपूरच्या लेखकाने तर घटकासुद्धा दिल्या होत्या.