रस्ता एक, राज्ये दोन

शिकागोच्या दक्षिणेस कॅल्युमेट सिटी आणि हॅमंड ही दोन शहरे एकमेकांना खेटून वसली आहेत. मधल्या ‘स्टेट लाइन’ रस्त्याच्या पश्चिमेस इलिनॉय, तर पूर्वेस इंडियाना. हवा तीच, हिवाळाही तोच. मात्र रस्ता ओलांडताच कर आणि कायदे बदलतात. त्यामुळे बिऱ्हाड कोणत्या बाजूस थाटावे, हा प्रश्न तेथील कुटुंबांपुढे सतत उभा असतो.

वरवर पाहता पारडे इंडियानाकडे झुकते. इलिनॉयचा प्राप्तिकर सरसकट ४.९५ टक्के, तर इंडियानाचा २०२६ साठी २.९५ टक्के आहे. त्यावर इंडियानातील काउंट्या आपला वेगळा कर आकारतात, तरीही फरक उरतोच. राहत्या घरावरील मालमत्ता कर साधारणतः मूल्याच्या एक टक्क्याहून अधिक नसावा, अशी तरतूद इंडियानाने २०१० मध्ये राज्यघटनेतच केली. इलिनॉयमध्ये शाळांचा मोठा खर्च याच करातून भागविला जात असल्याने तो देशातील सर्वाधिक करांमध्ये गणला जातो. शिवाय सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाला १९७० च्या राज्यघटनेचे संरक्षण आहे. त्यात कपात करणारा कायदा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द ठरविला. त्यामुळे करांचा भार लवकर हलका होण्याची चिन्हे नाहीत.

तथापि, हा हिशेब सर्वांना सारखा लागू पडत नाही. या दोन राज्यांत प्राप्तिकराबाबत परस्पर सवलतीचा करार नाही. हॅमंडमध्ये राहून शिकागोत नोकरी करणाऱ्यास पगारावर इलिनॉयचाच कर भरावा लागतो. इंडियाना त्याची वजावट देते. पण चढ्या दराचा भुर्दंड टळत नाही. निवृत्तांचे गणित तर उलटेच आहे. निवृत्तिवेतनावर इलिनॉय कर घेत नाही. इंडियानात खासगी निवृत्तिवेतन करपात्र ठरते. मजुरी करणाऱ्यासाठी इलिनॉयमध्ये जानेवारी २०२५ पासून किमान वेतन तासाला १५ डॉलर आहे. इंडियाना २००९ पासून ७.२५ डॉलरवरच थांबले आहे.

पैशापलीकडील दरी अधिक खोल आहे. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढून घेतले. त्यानंतर ऑगस्टमध्येच इंडियानाने मोजके अपवाद वगळता गर्भपातावर बंदीचा कायदा केला. इलिनॉयने मात्र हा हक्क २०१९ मध्येच कायद्याने जपला होता. इंडियानात जुलै २०२२ पासून परवान्याविना पिस्तूल बाळगता येते. इलिनॉयने जानेवारी २०२३ मध्ये निमलष्करी धर्तीच्या बंदुकांच्या विक्रीवर बंदी घातली.

या दरीचे पडसाद राजकारणात उमटणे स्वाभाविकच होते. शिकागोच्या वर्चस्वाला कंटाळलेल्या इलिनॉयमधील ३३ काउंट्यांनी २०२० पासून वेगळे होण्याच्या विचाराला कौल दिला. ती संधी साधून इंडियानाने २०२५ मध्ये सीमाबदलासाठी आयोग स्थापण्याचा कायदा केला. परंतु इलिनॉयचे विधिमंडळ आणि अमेरिकी काँग्रेस यांच्या संमतीशिवाय सीमा तसूभरही हलणार नाही.

सीमा हलत नाही. माणसे मात्र हलतात. २०१० ते २०२० या दशकात इलिनॉयची लोकसंख्या सुमारे १८ हजारांनी घटली, इंडियानाची तीन लाखांनी वाढली. या ओघात आपलेही बिऱ्हाड हलविण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एक गोष्ट तपासावी. स्वस्त राज्य कोणते, याचे उत्तर घरात तरुण मुलगी आहे की निवृत्त आजोबा, आणि पगार रस्त्याच्या कोणत्या बाजूने येतो, यावर अवलंबून असते.