क्यूच्या टोकाचा रंग आणि नेम : हस्तिदंतापासून कार्बन फायबरपर्यंत

१/ पूलच्या क्यूचे टोक पांढरे का असते? "नेम धरणे सोपे जावे म्हणून" हे उत्तर हमखास ऐकू येते. उत्तर सोयीचे आहे, परंतु इतिहासाच्या कसोटीवर ते टिकत नाही. रंग आधी आला. त्याचे कारण पुढे शोधले गेले. या थ्रेडमध्ये त्या रंगाचा इतिहास आणि त्यावर उभ्या राहिलेल्या समजुतीची तपासणी.

२/ प्रथम रचना. क्यूचा पुढचा निमुळता दांडा म्हणजे शाफ्ट. त्याच्या अग्रावर चामड्याची टिप असते. टिप आणि लाकूड यांच्यामध्ये एक आखूड नळी बसवतात, ती फेरूल. मुसळाच्या तोंडाशी लोखंडी कडे असते, कारण आघाताने लाकूड चिरते. फेरूलचे मूळ काम हेच. त्यात नेमाचा विचार नव्हता.

३/ युरोपात बिलियर्ड्स आरंभी रुंद डोक्याच्या काठीने चेंडू ढकलून खेळत. चेंडू कडेला चिकटला की काठी उलटी धरून तिच्या शेपटाने मारत. फ्रेंचमध्ये 'क्यू' म्हणजे शेपूट. पुढे शेपूटच मुख्य झाले. १९व्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये फ्रांस्वा मेंगो याने चामड्याची टिप रूढ केली आणि चेंडूला हवी तशी फिरकी देता येऊ लागली.

४/ त्या शतकात उत्तम चेंडू हस्तिदंताचे असत आणि उंची क्यूंचे फेरूलही. हस्तिदंत चिवट, कातायला सोपा, आघात सोसणारा. तो पांढरा होता हा निसर्गाचा योगायोग. टंचाई वाढली तेव्हा अमेरिकेतील एका बिलियर्ड्स कंपनीने पर्यायी पदार्थासाठी १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. त्याच शोधातून जॉन वेस्ली हयात सेल्युलॉइडकडे वळला.

५/ खरी गंमत पुढे आहे. १९८९ मध्ये हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून फेरूल प्लॅस्टिक आणि तत्सम पदार्थांचे होऊ लागले होते. प्लॅस्टिकला कोणताही रंग देता येतो. तरीही पूलच्या क्यूचे टोक बहुधा पांढरेच राहिले. पदार्थ गेला, त्याचा रंग मागे उरला.

६/ दुसरी परंपरा पाहावी. इंग्लिश बिलियर्ड्स आणि स्नूकरमध्ये ॲश लाकूड आणि पितळी फेरूल रुळले. पूलकडे फिकट, जवळजवळ निर्विकार पोताचे मेपल आणि पांढरे टोक. स्नूकरकडे ठळक रेषांचे ॲश आणि पिवळे, चकाकणारे टोक. रंगानेच नेम ठरत असता, तर यातील एक परंपरा केव्हाच मागे पडली असती.

७/ भारताचा वारसा या दुसऱ्या परंपरेचा. स्नूकरचा उगम १८७५ मध्ये जबलपूरच्या ब्रिटिश लष्करी छावणीतला मानला जातो. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. कोणत्याही खेळातील ते पहिले भारतीय जगज्जेते. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी हे पद पुन्हा मिळवले. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये तोच मान मिळवला.

८/ बिलियर्ड्समध्ये एक बोलका पुरावा दडलेला आहे. या खेळात प्रत्येक खेळाडूचा मारायचा चेंडू वेगळा असतो : पूर्वी एक पांढरा आणि दुसरा ठिपक्याचा पांढरा, आता दुसरा पिवळा. म्हणजे एकाच पितळी टोकासमोर एकदा पांढरा चेंडू येतो, एकदा पिवळा. रंगसंगती बदलते, तरी पिवळा चेंडू वाट्याला आला म्हणून कसलेला खेळाडू हरत नाही.

९/ मग रंगाचा परिणाम शून्य मानावा काय? तसेही नाही. गडद पार्श्वभूमीवरची उजळ वस्तू किंचित मोठी भासते. १९व्या शतकात हेल्महोल्ट्झने या आभासाची चर्चा केली आहे. पांढरे टोक त्यामुळे थोडे जाड वाटू शकते. पितळ दिव्याखाली चमकते. पांढरे टोक आणि पांढरा चेंडू यांच्यामधली सीमा मुख्यतः टिपेवरच्या खडूचा निळा रंग दाखवतो.

१०/ मात्र चेंडू मारण्याच्या क्षणी नजर कुठे असते, हे विसरता कामा नये. २००२ मध्ये मार्क विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी बिलियर्ड्सवर केलेल्या अभ्यासात कुशल खेळाडूंची अखेरची स्थिर नजर नवख्यांपेक्षा अधिक काळ टिकत असल्याचे आढळले. नजर लक्ष्यावर खिळली की क्यू दृष्टीच्या खालच्या कडेला धूसर उरतो. तेथे रंगाच्या बारकाव्यापेक्षा दांड्याची दिशा मोलाची.

११/ दिशेसाठी लाकूडही मदत करते. ॲशच्या पोतात बाणाच्या टोकासारख्या रेषा उमटतात. अनेक स्नूकरपटू ते बाण दर वेळी वर येतील असाच क्यू धरतात. सुताराच्या दृष्टीने तो केवळ लाकडाचा पोत. खेळाडूच्या सवयीने त्याला खुणेचे रूप दिले. फेरूलच्या रंगाचेही तेच झाले.

१२/ नवा क्यू घेतल्यावर नेम बदलतो, हा अनुभव खरा असतो. त्याचे निदान बहुधा चुकते. चेंडूच्या मध्यापासून बाजूला मारले की तो क्यूच्या रेषेपासून किंचित ढळतो. हे ढळणे मुख्यतः शाफ्टच्या टोकाच्या वजनावर अवलंबून असते. फेरूल बदलला की रंगाबरोबर वजनही बदलते. डोळ्यांना रंग दिसतो, वजन दिसत नाही. म्हणून श्रेय आणि दोष दोन्ही रंगाच्या पदरी पडतात.

१३/ कार्बन फायबरच्या काळ्या शाफ्टभोवतीचा आजचा वाद याच गोंधळाचा नवा अध्याय. काळ्या दांड्याची कडा गडद कापडावर कमी उठून दिसते, हे मान्य. पण तो शाफ्ट आतून पोकळ असू शकतो, त्याचे टोक हलके असते, त्याचा ताठपणा वेगळा असतो. इतके सारे एकदम बदलल्यावर केवळ काळ्या रंगाला जबाबदार धरणे हे एका नाण्यावरून संपूर्ण राजवट ठरवण्यासारखे आहे.

१४/ हा प्रश्न मुंबईच्या क्लबांपुरता नाही. समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या, जालना जिल्ह्यातील अंकुशनगरचा एखादा तरुण डोळ्यांपुढे आणावा. हात कॅरमवर बसलेला. पूलची ओळख मोबाइलवरची. तेथे नेमाची रेषा पडद्यावर आयती आखून मिळते आणि क्यू रंगरूपावर मिरवतात. उद्या खऱ्या टेबलासमोर नेम चुकला, तर "आपला क्यूच साधा आहे" असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. रंगाची दंतकथा येथे खिशाला आणि आत्मविश्वासाला भारी पडते.

१५/ त्याच्यासाठी कसोटी स्वस्त आहे. क्यू तोच, टिप तीच, टेबल तेच. फेरूलवर कधी पांढऱ्या, कधी काळ्या कागदी चिकटपट्टीचा एक पातळ वेढा द्यावा, पट्टी तेवढीच. एकच फटका प्रत्येक रंगाने पन्नास वेळा मारावा, रंगांचा क्रम अदलाबदल करावा आणि नोंद मित्राने ठेवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलणे हा प्रयोगाचा नियम इतिहासाच्या अभ्यासकालाही उपयोगी पडतो.

१६/ परिणाम दिसला की त्यामागे हेतू होताच असे धरून चालणे, हा इतिहासलेखनातील जुना मोह. किल्ल्यांपासून क्यूपर्यंत तो सर्वत्र भेटतो. पांढरे टोक हत्तीच्या दातातून आले, पितळी टोक कारागिराच्या सोयीतून. खेळाडूंच्या पिढ्यांनी त्या दोन्ही रंगांवर नजर बसवली. म्हणून अंकुशनगरच्या त्या तरुणाने दुकानात रंगाची निवड करण्यात वेळ दवडू नये. जो क्यू हाती येईल, तोच दीर्घकाळ हाती ठेवावा.